आवाज ब्रेकाचा की चाकाचा? फोर-बाय-फोर गाडीच्या पुढच्या चाकाची तपासणी, पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

दोन पावसाळ्यांपूर्वीची गोष्ट. चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यातल्या केरीच्या सपाटीला लागलो आणि पुढच्या डाव्या चाकातून खर्र... खर्र... खर्र... सुरू झालं. वेग वाढवला की जलद, कमी केला की सावकाश. ब्रेक दाबला काय, सोडला काय, आवाजात काडीचा फरक नाही. पण हे मला नंतर आठवलं. त्या वेळी मी डोक्यात पक्कं करून टाकलं की घाटात ब्रेक फार वापरले, पॅड संपले. दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात जाऊन दोन्ही बाजूंचे नवे पॅड टाकून घेतले. पैसे दिले, गाडी बाहेर काढली, आणि फाटकाशीच पुन्हा खर्र.

वाळपईच्या एका जुन्या मेकॅनिककडे गेलो. त्याने पान्हा हातात घेण्याआधी विचारलं, "आवाज खंयचो? ब्रेकाचो काय चाकाचो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तो शेजारी बसला, दोनशे मीटर गाडी चालवायला लावली, परत आलो. त्याने चाक काढलं, डिस्कच्या मागच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरने जरा मागे रेटलं, आणि वालाच्या दाण्याएवढा जांभ्याचा खडा खाली पडला. नवे पॅड फुकट गेले नाहीत म्हणा, कधीतरी लागलेच असते. पण दुखणं एकीकडे आणि औषध दुसरीकडे असा तो प्रकार होता.

पुढचं सगळं त्या एका प्रश्नाचं उत्तर कसं शोधायचं याबद्दल आहे. फोर-बाय-फोरमध्ये पुढच्या चाकाशी ब्रेकखेरीज बरंच काही फिरत असतं: हब (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), बेअरिंग, अॅक्सल शाफ्ट, त्याचे सांधे, पुढचं डिफरन्शिअल, काही गाड्यांत लॉकिंग हब (चाक शाफ्टला जोडायची-सोडवायची सोय असलेलं हब). साध्या गाडीत आवाज आला की पॅड बघायचे हे ठीक आहे. इथे आधी चालवून ऐकायचं, मग उघडायचं.

पहिली पायरी: चालवून ऐका

पंखा, एसी, गाणी बंद. मागे ठेवलेला जॅक, टो-पट्टा, लोखंडी शॅकल, पाण्याची बाटली, सगळं बाहेर काढा. शॅकलची खडखड मी एकदा आठवडाभर सस्पेन्शनची समजत होतो, त्यामुळे हे आवर्जून सांगतो. मग एखादा शांत रस्ता निवडा. आपल्याकडे त्यासाठी उत्तम सोय आहे: चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं, कुंपण. वाड्यावरच्या अरुंद रस्त्याला कडेने चिऱ्याची गडगी किंवा भिंत असतेच. तिच्या बाजूची काच खाली करून १५-२० च्या वेगाने जा. भिंतीवर आपटून आवाज थेट कानात येतो. परत येताना दुसरी बाजू. कुठल्या चाकातून येतोय हे बहुतेक वेळा इथेच ठरतं.

आता त्याच रस्त्यावर चार गोष्टी करून बघा, आणि प्रत्येक वेळी काय झालं ते लिहून ठेवा. माणूस घरी पोचेपर्यंत विसरतो.

एक, गाडी न्यूट्रलमध्ये नुसती घरंगळू द्या, ब्रेक न लावता. आवाज चाकाच्या फेऱ्याबरोबर येतोय का? इंजिनच्या फेऱ्यांशी जोडलेला असेल तर तो चाकातला नव्हेच.

दोन, त्याच वेगात ब्रेकवर पाय हलकासा ठेवा, गाडी थांबेल इतका नव्हे. इथे खरा निवाडा होतो. आवाज तेव्हाच सुरू झाला, बंद पडला किंवा सूर बदलला, तर प्रकरण ब्रेकचं आहे. काहीच फरक पडला नाही, तर पॅडवर संशय घेऊ नका. पत्रा, खडा, बेअरिंग, टायर यांच्याकडे वळा. मी नेमकी हीच पायरी गाळली होती.

तीन, ३०-४० च्या वेगात रस्त्याच्या वळणावर कान द्या. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, उजवीकडे वळताना डाव्या. घूंऽऽ असा विमानासारखा आवाज डाव्या वळणावर वाढत असेल आणि उजव्या वळणावर दबत असेल, तर उजव्या चाकाचं बेअरिंग बोलतंय. हा आवाज सुरुवातीला इतका बारीक असतो की लोक त्याला जाड नक्षीच्या टायरचा आवाज समजून सहा महिने काढतात. मड टायर असतील तर घोटाळा होतोच. फरक इतकाच की टायरचा आवाज गुळगुळीत डांबरावर आणि खडबडीत रस्त्यावर वेगळा येतो, बेअरिंगचा सगळीकडे तोच.

चार, मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने गोल फेरी मारा, आधी एका बाजूने, मग दुसऱ्या. टक-टक-टक असा कोरडा आवाज आला तर अॅक्सलच्या बाहेरच्या सांध्याची खोबण झिजली आहे. ब्रेकशी संबंध नाही.

इथे एक सावधगिरी. ही फेरी टू-एच मध्येच (इंजिनची ताकद फक्त मागच्या चाकांना) मारायची. थार, जिम्नी, जिप्सीसारख्या गाड्यांत फोर-व्हील ड्राइव्ह पार्ट-टाइम असतो. म्हणजे फोर-एच (ताकद चारही चाकांना) लावल्यावर पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे ताकद चाकांकडे नेणारे लांब दांडे, एकमेकांना बांधले जातात. वळणावर पुढच्या चाकांना मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापायचं असतं. चिखलात चाक घसरून ते जमवून घेतं, कोरड्या डांबरावर ते जमत नाही. मग गाडी अडखळते, स्टिअरिंग जड होतं, कट-कट करत चाक उडी मारतं. नव्या मालकांना हे हमखास ब्रेक अडकल्यासारखं वाटतं. टू-एच लावल्यावर त्रास गेला तर गाडीला काही झालेलं नाही, लिव्हर चुकीच्या जागी होता. कधी लिव्हर टू-एचला आणूनही ताण लगेच सुटत नाही. सरळ रेषेत थोडं मागे-पुढे केलं की सुटतो.

आवाजाचा सूर काय सांगतो

बारीक, उंच, कानाला टोचणारी चीं... दोन कारणांनी येते. पॅडच्या पाठीला पत्र्याची एक जीभ असते. पॅड झिजून थोडाच उरला की ती डिस्कला टेकते आणि किंचाळायला लागते. ही चीं बहुतेकदा ब्रेक न लावताच येते आणि लावला की गप्प होते. उलट ब्रेक लावल्यावरच चीं येत असेल आणि तुम्ही नुकताच घाट उतरला असाल, तर पॅडचा चेहरा तापून काचेसारखा गुळगुळीत झाला असण्याची शक्यता मोठी. अनमोड किंवा चोर्ला उतरताना गिअर खाली न घेता ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्यांना हा अनुभव येतो, सोबत जळका वासही.

ब्रेक लावल्यावर घर्र, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं, आणि पेडलमधून पायालाही जाणवत असेल, तर गाडी तिथेच थांबवा. पॅड संपून त्याची लोखंडी पाठ डिस्कला खातेय. "घरापर्यंत नेतो" म्हणालात तर पॅडच्या खर्चात डिस्कचा खर्च मिळवाल.

रिव्हर्स घेऊन पुढे निघाल्यावर पहिल्या ब्रेकला एकच "टक", नंतर काही नाही: पॅड आपल्या खाचेत सैल आहेत, पितळी किंवा स्टीलच्या क्लिपा पडल्या आहेत किंवा बसवायच्या राहून गेल्या आहेत. पॅड बदलल्यानंतर हा आवाज सुरू झाला असेल तर क्लिपा जुन्या डब्यात राहिल्या असं समजायला हरकत नाही.

फेऱ्यागणिक खर्र... खर्र... माझा खडा. पत्रा वाकून डिस्कला घासत असला तरी हाच आवाज.

आणि काही आवाज आवाजच नव्हेत. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीच्या डिस्कवर सकाळी तांबूस गंज दिसतो. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांना, म्हणजे हरमल-मोरजीकडच्यांना, खाऱ्या वाऱ्यामुळे तो उन्हाळ्यातही दिसेल. पहिले चार-पाच ब्रेक खरखर करतात, मग गंज पुसला जातो आणि आवाज जातो. दहा मिनिटांनंतरही राहिला तरच पुढचं वाचा.

दुसरी पायरी: कुठलं चाक तापतंय?

सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटं चालवा, ब्रेक शक्य तितके कमी वापरा, शेवटी गाडी घरंगळत थांबू द्या. आता दोन्ही पुढच्या चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्या. डिस्कला बोट लावायचं नाही, कातडी सोलून निघते. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर डिस्कवर पाण्याचे दोन थेंब टाका. एकीकडे चुर्र झालं आणि दुसरीकडे थेंब ओघळून गेला, तर चुर्र झालेल्या चाकात ब्रेक धरून बसलाय. रिमवर काळ्या भुकटीचा थर एकाच चाकावर जास्त असेल तर तीही तीच साक्ष.

तिसरी पायरी: गाडी उचलणं

या पायरीत घाई नको, कारण इथे माणसं जायबंदी होतात. जमीन सपाट आणि टणक हवी. पावसाळ्यात मातीच्या अंगणात जॅक लावू नका, तो तिरका होत खाली रुततो. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून अडसर लावा, हॅण्डब्रेक ओढा, गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा ऑटोमॅटिक असेल तर पी मध्ये. आणि ट्रान्सफर केसचा (टू-एच, फोर-एच बदलणाऱ्या पेटीचा) लिव्हर टू-एचवर आहे याची दोनदा खात्री करा. तो चुकून एन वर (न्यूट्रलवर) राहिला, तर गिअर आणि चाक यांच्यातला दुवाच तुटतो. पी काय, पहिला गिअर काय, गाडी धरून ठेवत नाही. हॅण्डब्रेकच्या भरवशावर दोन टनांचं धूड राहतं.

अडसर म्हणून चिरा चालतो. पण टेकू म्हणून गाडीखाली चिरा कधीच नको. जांभा बघायला भक्कम दिसतो, प्रत्यक्षात पोकळ आणि ठिसूळ असतो. एका कोपऱ्यावर भार आला की इशारा न देता फुटतो. जॅक-स्टॅण्ड घ्या. काढलेलं चाकही गाडीखाली आडवं सरकवून ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे, उचलल्यावर नव्हे.

चौथी पायरी: हाताने फिरवा, हाताने हलवा

चाक हाताने फिरवा. इथे फोर-बाय-फोरच्या नव्या मालकाला धक्का बसतो: चाक जड फिरतं, आतून सळसळ येते. बऱ्याच गाड्यांत टू-एचमध्येही पुढचं चाक अॅक्सल शाफ्टला जोडलेलंच असतं. ते फिरवलं की डिफरन्शिअल आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट सोबत फिरतात, तेलाचा जडपणा हाताला लागतो. हा ब्रेक अडकल्याचा पुरावा नव्हे. दुसऱ्या बाजूचं चाक तितकंच जड आहे का ते बघा. दोन्ही सारखी असतील तर ठीक. गाडीला हाताने फिरवायचे लॉकिंग हब असतील तर तुमच्या हातात आयती चाचणी आहे. हब फ्री करा, मग फक्त हब आणि डिस्क फिरतात. आवाज गेला तर तो अॅक्सलचा, राहिला तर ब्रेक किंवा बेअरिंगचा.

आता चाक घड्याळाच्या १२ आणि ६ वर धरून आत-बाहेर हलवा. ढिलाई जाणवली तर कुणाला तरी आत बसवून ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्याने हब आणि नकल (हब ज्यात बसतं आणि ज्यासोबत चाक वळतं तो भाग) एकमेकांना बांधले जातात. ढिलाई नाहीशी झाली तर बेअरिंग, तशीच राहिली तर बॉल जॉइंट (नकल ज्यावर वळतो तो सांधा). जिम्नी-जिप्सीसारख्या अखंड पुढच्या अॅक्सलच्या गाड्यांत बॉल जॉइंटच्या जागी किंगपिनचं बेअरिंग. मग ३ आणि ९ वर धरून हलवा. फक्त तिथेच ढिलाई असेल तर ती बहुधा स्टिअरिंगच्या दांड्यांची.

पाचवी पायरी: चाक काढून बघणं

भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या पॅडमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतो. ब्रेक क्लीनर मारा किंवा ओल्या फडक्याने टिपा.

आधी डिस्कमागचा पत्रा. टॉर्च मारून डिस्क आणि पत्रा यांच्यातली फट पूर्ण गोल बघा. कुठे चकचकीत घासलेली रेघ आहे? पत्रा बोटांनी मागे वाकवून मोकळा करा. डिचोली-साखळी पट्ट्यातल्या तांबड्या धुळीत किंवा कुळेहून दूधसागरकडे जाणाऱ्या ओहोळांच्या वाटेवर गाडी घालणाऱ्यांच्या पत्र्यामागे चिखल साचून विटेसारखा कडक झालेला सापडेल. खरवडून काढा, पाण्याने धुवा.

मग पॅड. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण १०-१२ मिलिमीटर असतो. ३ मिलिमीटरच्या आसपास आला की बदलायचा. फक्त बाहेरचा पॅड बघून उठू नका, आतला बघा. मला विचाराल तर सगळ्या तपासणीतली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे दोन पॅडमधला फरक. आतला पातळ आणि बाहेरचा जाड असेल, किंवा एकच पॅड एका टोकाला पाचरीसारखा झिजला असेल, तर पॅड बिचारा निर्दोष आहे. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा) ज्या दोन पिनांवर मागे-पुढे सरकतो त्यातली एखादी जाम झाली आहे किंवा पॅडला ढकलणारा पिस्टन परत जात नाही. नुसते नवे पॅड टाकलेत तर तेही तसेच झिजतील.

पिन बघायची तर कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर उचला. पूर्ण काढला तर तारेने स्प्रिंगला बांधा, ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. पिन बोटाने सरकली पाहिजे. आमच्याकडच्या दमट हवेत रबरी बूट जरासा फाटला की एका पावसाळ्यात पिनवर गंजाचे फोड येतात. बारीक गंज साफ करून पिन चालेल, खड्डे पडले असतील तर बदला. वंगण ब्रेकसाठी बनवलेलंच वापरा, सिलिकॉनचं. डब्यातलं साधं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि पिन पूर्वीपेक्षा घट्ट बसते. हे काम "स्वस्तात" करून घेतलेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत.

डिस्कवर नख फिरवा. नख अडकेल इतकी खोल चर असेल तर मेकॅनिकला दाखवा. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती व्हर्नियरने मोजून घ्यायला सांगा.

अखंड अॅक्सलची गाडी असेल तर नकलच्या गोल भागाकडेही बघा. ओहोळातून गेल्यावर तिथल्या सीलपाशी दुधाळ ग्रीस दिसलं तर आत पाणी शिरलंय. चालून तापलेलं हब एकदम थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. बेअरिंगचा आवाज दोन महिन्यांनी येतो तो तिथूनच. म्हणून ओहोळाशी पोचल्यावर दहा मिनिटं थांबा.

इथून पुढे मेकॅनिककडे

पत्रा सरळ करणं, खडा काढणं, पिन साफ करणं, पॅड बदलणं नवख्याला जमतं. पॅड बदलताना पिस्टन सी-क्लॅम्पने हळू मागे दाबा आणि वरच्या टाकीवर लक्ष ठेवा. ब्रेक ऑइल उतू गेलं तर बॉडीचा रंग सोलून काढतं. पण पिस्टन मागे जातच नसेल, नळी फुगलेली किंवा तडकलेली असेल, पेडल स्पंजासारखं वाटत असेल किंवा बेअरिंग ढिलं असेल, तर हात आवरा. आणखी एक खूण मेकॅनिकला सांगायला उपयोगी: चाक धरून बसलेलं असताना ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा, ब्रेक ऑइल सोडायचा छोटा स्क्रू) किंचित सैल केल्यावर चाक सुटलं, तर दाब नळीत किंवा मास्टर सिलिंडरमध्ये (पेडलकडून दाब तयार करणाऱ्या भागात) अडकतोय. नाही सुटलं तर दोष कॅलिपरमध्येच. ब्रेक ऑइल दोन वर्षांहून जुनं असेल तर त्याच वेळी बदलून घ्या. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ प्रकारच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश असतो, पाणी शोषल्यावर तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि घाटात एवढा ताप सहज येतो.

बसवल्यावर

गाडी सुरू करून जागेवरून हलवण्याआधी ब्रेकचं पेडल घट्ट होईपर्यंत पाच-सहा वेळा दाबा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं. हे विसरून फाटकाला धडकलेली माणसं आहेत. नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर ६० वरून २० पर्यंत आठ-दहा वेळा हळूहळू वेग उतरवा, मध्ये डिस्क थंड व्हायला वेळ द्या, तापलेली असताना ब्रेक दाबून उभे राहू नका. डिस्कवर तेलाचा, ग्रीसचा किंवा गंज सोडवणाऱ्या स्प्रेचा एक थेंबही लागता कामा नये. "चीं थांबावी म्हणून" डिस्कवर स्प्रे मारणारे महाभाग असतात. आवाज थांबतो, सोबत गाडी थांबायचंही थांबतं.

मग पुन्हा त्याच चिऱ्याच्या भिंतीशेजारून, काच खाली करून, १५ च्या वेगाने. आधी लिहून ठेवलेला कागद समोर धरून चारही गोष्टी परत करा. आणि साधारण शंभर किलोमीटर झाल्यावर चाकाचे नट चांदणीच्या क्रमाने एकदा परत आवळून घ्या.